पाणी चालते, मग माणसे का चालत नाहीत?

आमच्या तालुक्याच्या गावात या उन्हाळ्यात नळाला नवव्या दिवशी पाणी येत होते. पाहुण्यांना 'सध्या येऊ नका' असे कळवण्याचे दिवस. अशात नगर परिषदेच्या सर्वसाधारण सभेने ठराव केला की शेजारच्या महानगरपालिकेकडून शुद्ध केलेले पाणी विकत घ्यायचे. शहराकडे धरणातल्या पाण्याचे आरक्षण आहे, मोठे जलशुद्धीकरण केंद्र आहे. आमच्याकडे आटलेला तलाव आहे आणि थकलेले वीजबिल. ठराव एकमताने मंजूर झाला, चौकात फटाके फुटले. खोटे कशाला बोलायचे, आमच्या वस्तीतही फुटले. ज्यांच्या आयाबहिणींचे अर्धे आयुष्य हंड्याखाली गेले, त्यांना पाणी येणार म्हटल्यावर आनंद होणारच.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर आम्ही योजनेच्या नकाशाची झेरॉक्स सतरंजीवर पसरली. शहराकडून येणारी मुख्य जलवाहिनी, नवा जलकुंभ, तिथून बाजारपेठ, तिथून नव्या कॉलन्या, आणि मग नाला. नाल्यापाशी रेघ संपली होती. नाल्याच्या अलीकडे आमची वस्ती. तिथे कंसात दोनच शब्द होते, 'पुढील टप्पा'. साठी ओलांडलेले एक काका चष्मा पुसत म्हणाले, "पोरांनो, रस्त्याचाही पुढचाच टप्पा होता, गटारीचाही पुढचाच. पुढचा टप्पा आला असं मी अजून पाह्यलं नाही."

आमच्यातल्या काहींना हे पटले नाही. "काका, एकदा पाणी गावात आलं की आपल्याकडं येईलच. पाणी काय जात बघतं का?"

हा प्रश्न आम्हाला त्या दिवशी बिनतोड वाटला होता. पाणी जात बघत नाही हे खरेच आहे. पण जलवाहिनी कुठवर न्यायची हे माणूस ठरवतो, व्हॉल्व्ह कधी उघडायचा हेही माणूसच ठरवतो, आणि माणूस जात बघतो.

आमच्या वस्तीतला एक मुलगा सध्या अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात नोकरीला आहे. रविवारी तो व्हिडिओ कॉलवर विहारात हजर असतो. तो म्हणाला, "दादा, मी राहतो तिथंही शेजारच्या गावानं शहराकडून पाणी विकत घेतलंय. नंतर काय झालं ते एकदा वाचा." आम्ही वाचले. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याची माहिती मागवली होती. १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी 'पँथर' हे नावही तिथल्याच लढ्यातून घेतले. तेव्हा अमेरिकेतल्या गावाची गोष्ट आपल्याला परकी नाही.

मिशिगन सरोवराच्या काठावर मिलवॉकी नावाचे शहर आहे. २०१० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या सहा लाखांच्या आसपास होती आणि त्यात शंभरातले चाळीस लोक कृष्णवर्णीय. त्याच्या पश्चिमेला न्यू बर्लिन हे गाव आहे. लोकसंख्या चाळीस हजारांच्या घरात, आणि त्यात कृष्णवर्णीयांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी. दोघांच्या मध्ये ना डोंगर ना समुद्र. मग शेजारी शेजारी असून एवढा फरक कसा?

तो आपोआप पडलेला नाही. अमेरिकेत अनेक ठिकाणी घराच्या खरेदीखतातच कलम असे की हे घर कृष्णवर्णीयाला विकता येणार नाही. १९४८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की असली कलमे कोर्टामार्फत अमलात आणता येणार नाहीत. मग गोऱ्या वस्त्यांनी दुसरे रस्ते काढले. प्लॉट एवढ्याच आकाराचा हवा, इमारतीत भाड्याच्या सदनिका नकोत, स्वस्त घरे नकोत. नियमात कुठेही रंगाचा उल्लेख नाही, पण परिणाम तोच. 'आमच्या सोसायटीत फक्त शाकाहारी' ही पाटी वाचून परत फिरलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

खुद्द मिलवॉकी शहरही काही धुतल्या तांदळाचे नव्हते. वेल फिलिप्स ही तिथल्या नगरसभेत निवडून गेलेली पहिली स्त्री आणि पहिली कृष्णवर्णीय सदस्य. ती १९५६ मध्ये निवडून आली. घर देताना रंगभेद करू नये असा ठराव तिने १९६२ पासून चार वेळा मांडला. चारही वेळा बाजूने एकच मत पडले, तिचे स्वतःचे. अठरा विरुद्ध एक. मग २८ ऑगस्ट १९६७ पासून एनएएसीपीच्या युवक शाखेच्या तरुणांनी आणि फादर जेम्स ग्रोपी या गोऱ्या धर्मगुरूने मोर्चे काढले. शहराच्या कृष्णवर्णीय उत्तर भागातून खोऱ्यावरचा लांबलचक पूल ओलांडून गोऱ्यांच्या दक्षिण भागात जायचे. पलीकडे दगडबाटल्या घेऊन जमाव उभा. ते सलग दोनशे रात्री चालले. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला, त्यानंतर आठवड्याभरात केंद्राचा समन्याय्य गृहनिर्माण कायदा झाला आणि महिना संपता संपता मिलवॉकीनेही आपला कायदा केला.

आता पाण्याकडे येऊ. न्यू बर्लिनचे विहिरींचे पाणी बिघडले. खोल भूजलात रेडियम हे किरणोत्सारी द्रव्य मर्यादेपेक्षा जास्त निघाले. शेजारी गोड्या पाण्याचा समुद्र, पण तो हात लावायला मोकळा नव्हता. त्या सरोवरांभोवतालच्या आठ राज्यांनी आपसात करार केला होता आणि २००८ मध्ये त्याला केंद्राच्या कायद्याचे बळ मिळाले. सरोवराच्या खोऱ्याबाहेर पाणी न्यायचे नाही, हा मूळ नियम. खोऱ्याच्या हद्दीवर बसलेल्या गावाला अपवाद म्हणून मिळाले, तरी वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा सरोवरात सोडायचे. न्यू बर्लिनचा पूर्व भाग खोऱ्याच्या आत होता, पुढचा भाग बाहेर. आत असलेल्या भागाला मिलवॉकीचे पाणी आधीच मिळत होते. बाहेरच्या भागासाठी गावाने पुन्हा शहराचे दार ठोठावले. २००९ मध्ये मंजुरी मिळाली. पाण्याच्या दराशिवाय न्यू बर्लिनने शहराला पंधरा लाख डॉलर वेगळे मोजायचे ठरले.

या सौद्यातली आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. मिलवॉकीच्या नगरसभेने २००८ मध्ये धोरण केले की पाणी मागणाऱ्या गावाने फक्त पैसे दाखवून चालणार नाही. तुमच्या गावात गरिबाला परवडतील अशी घरे आहेत का? गाडी नसलेल्या माणसाला कामावर यायला सार्वजनिक वाहतूक आहे का? याचे उत्तर द्या. ज्या शहरात वेल फिलिप्सला अठरा विरुद्ध एक असे हरवले, त्याच शहराने चाळीस वर्षांनी पाण्याच्या व्यवहारात माणसांचा प्रश्न घातला. आम्ही हे वाचले तेव्हा विहारात टाळ्या वाजल्या.

टाळ्या लवकर वाजल्या. २०१० मध्ये एका विकासकाने न्यू बर्लिनच्या मध्यभागी परवडणाऱ्या १८० सदनिका बांधायचा प्रस्ताव आणला. गावाच्या नियोजन आयोगाने आधी तो मंजूर केला. मग लोक उठले. सभांत, ईमेलमध्ये, फोनवर एकच सूर, 'तसले लोक' इथे राहायला येतील. महापौराला धमक्या आल्या. गावाने पाय मागे घेतला आणि प्रकल्प अडवला. २०११ मध्ये केंद्राच्या न्याय विभागाने गावावर खटला भरला. कृष्णवर्णीय भाडेकरू येतील या भीतीपोटी हा प्रकल्प रोखला, असा सरकारचा आरोप होता. २०१२ मध्ये तडजोड झाली आणि अडवलेल्या घरांना गावाला वाट करून द्यावी लागली.

ज्या शहराचे पाणी त्या गावाने स्वयंपाकाला घेतले, त्याच शहरातली माणसे त्याला शेजारी नको होती. पाणी चालते, माणसे चालत नाहीत. हे वाक्य आपल्या आजीला सांगून पाहा. अमेरिका कुठे आहे हे तिला माहीत नसेल, पण वाक्य तिला लगेच कळेल.

आणखी एक गोष्ट आम्हाला टोचली. आठ राज्यांनी मिळून सरोवराच्या पाण्याचा हिशेब केला. किती पाणी गेले, किती परत आले, कुठल्या नदीतून आले. त्याच जिल्ह्यातल्या वॉकेशा गावाला आठही राज्यपालांच्या संमतीने २०१६ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हाही पाणी परत करण्याची अट पक्की होती. २०२३ मध्ये त्याही गावाला मिलवॉकीचे पाणी मिळू लागले. पाण्याच्या थेंबाथेंबावर पहारा ठेवायला आठ राज्ये एकत्र येतात. त्या पाण्यावर कोण जगणार, याची अट मात्र एका शहराच्या नगरसभेला आपल्या धोरणात घालावी लागते, आणि ती पाळली जाते की नाही हे बघायला शेवटी कोर्ट लागते.

हा सगळा प्रकार आपण महाडला आधीच पाहिलेला आहे. रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर सगळे झाले. पुढची तीन वर्षे एकाही अस्पृश्याला तिथे ओंजळ भरता आली नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा तो ठराव पहिल्यांदा जिवंत झाला. त्यावर सनातन्यांनी सत्याग्रहींवर लाठ्या चालवल्या आणि १०८ घागरींनी तळे 'शुद्ध' केले. ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळे खाजगी आहे असा दावा करून विरोधक कोर्टात गेले. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला मार्च १९३७ उजाडले.

ठराव, मग विरोध, मग माघार, मग कोर्ट. महाड आणि न्यू बर्लिन यांच्यात ऐंशी वर्षे आणि अर्धी पृथ्वी आहे, तरी क्रम तोच. म्हणून आम्ही दोन गोष्टी शिकलो. अट पाणी येण्याआधी लिहून घ्यायची, कारण पाणी आल्यावर अडलेला माणूस अडलेला राहत नाही, त्याला आपली गरज उरत नाही. आणि लिहिलेल्या अटीवर पहारा ठेवायचा, कारण ठराव स्वतःच्या पायांनी चालत नाही.

हे सगळे ठरवून आम्ही शहरात गेलो. शहरात आपली माणसे आहेत, चळवळीतले कार्यकर्ते आहेत, पालिकेत हात वर करणारे नगरसेवक आहेत. विकणाऱ्याच्या बाजूला आपले मत आहे, तर मिलवॉकीसारखी अट शहराने घालावी, असा आमचा सरळ हिशेब. तिथल्या भीमनगरात बैठक झाली. आम्ही नकाशा दाखवला, न्यू बर्लिनची गोष्ट सांगितली. सगळे ऐकून झाल्यावर मागे बसलेल्या एक मावशी उठल्या.

"लेकरांनो, तुमची गोष्ट खरी हाय. पण आमच्या गल्लीत रात्री दोनला करंगळीएवढी धार येते. आम्हालाच पाणी नाही आन् पालिका तुमच्या गावाला विकणार. त्याला आम्ही हात वर करावा?"

आमच्यापैकी कुणाकडेही उत्तर नव्हते. शहराकडे पाणी जास्त आहे असे आम्ही धरून चाललो होतो. जास्त होते ते शहराच्या एका भागाकडे. आम्ही विकत मागत होतो त्यात मावशीच्या गल्लीचाही वाटा होता. त्या दिवशी आमच्या मागण्यांत एक मागणी वाढली आणि ती आम्ही यादीत सर्वात वर घातली.

दुसरा धडा आम्हाला आमच्याच नळावर मिळाला. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिलेच पाहिजे. वस्तीच्या टोकाला माळावर भटक्या समाजाची दहा-बारा पाले आहेत. त्यांच्या बाया आमच्या नळकोंडाळ्यावर हंडे घेऊन येतात. नवव्या दिवशीच्या पाण्याला गर्दी झाली की आमच्यातलेच कुणीतरी म्हणते, "तुम्ही थांबा, आधी वस्तीचं भरू द्या." कितीतरी वर्षे हे चालू आहे आणि आम्हाला ते कधी खटकले नव्हते. मागणीपत्र लिहायला बसलो तेव्हा एका मुलीने विचारले, "आपण नगर परिषदेला म्हणतोय आम्हाला पुढच्या टप्प्यात ढकलू नका. मग पालावरची माणसं आपला पुढचा टप्पा आहेत का?" विहारात बाबासाहेबांच्या फोटोसमोर बसून हा प्रश्न ऐकणे सोपे नव्हते. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय हे आम्ही भाषणात शंभर वेळा सांगितले आहे. प्रत्येक पायरीवरच्या माणसाला खाली कुणीतरी सापडते. त्या दिवशी पायरी आमची होती.

म्हणून आमचे मागणीपत्र असे झाले. एक, महानगरपालिकेने पाणी विकण्याआधी शहरातल्या वस्त्यांना दिवसा, पुरेशा दाबाने पाणी द्यावे, आणि विक्रीचे उत्पन्न तिथल्या जुन्या जलवाहिन्या बदलण्यासाठी वापरावे. दोन, आमच्या गावाशी होणाऱ्या करारनाम्यात अट घालावी की नाल्याअलीकडची वस्ती पहिल्याच टप्प्यात येईल. ती नसेल तर करार नाही. तीन, वस्ती घोषित आहे की अघोषित, सातबारा कोणाचा, हे पाणी देताना विचारू नये. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई हायकोर्टाने डिसेंबर २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे की झोपडी अनधिकृत आहे म्हणून पाण्याचा हक्क नाकारता येत नाही. त्यामुळे पालावरच्या कुटुंबांनाही नळ हवा, तोही आमच्या मेहेरबानीवर नको. चार, विकतच्या पाण्याचा बोजा सार्वजनिक नळावर टाकू नये, जो जास्त वापरतो त्याने जास्त दर भरावा. पाच, कोणत्या प्रभागाला किती वाजता, किती वेळ पाणी सुटते याचा फलक जलकुंभावर लावावा, म्हणजे व्हॉल्व्ह कुणाच्या शब्दावर फिरतो ते सगळ्यांना दिसेल.

काही शहाणे मित्र म्हणाले, पाण्याच्या कामात राजकारण आणू नका, आधी पाणी येऊ द्या. त्यांना आम्ही संविधान दाखवले. कलम १५ (२) मध्ये सरकारी निधीतून चालणाऱ्या विहिरी, तलाव, घाट यांच्या वापरात जातीवरून अडवणूक करायला मनाई आहे. ते कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर महाड होते, आणि महाड झाले ते पाण्याला राजकारणापासून वेगळे न काढल्यामुळे. बारावी अनुसूची काढून बघा. नगरपालिकांच्या कामांच्या एकाच यादीत पाणीपुरवठा आहे आणि झोपडपट्टी सुधारणाही आहे. पाणी आणि वस्ती यांना संविधानाने एकत्र ठेवले आहे. नकाशावर रेघ ओढणाऱ्याने त्यांना वेगळे केले.

मागणीपत्र दोन्ही ठिकाणी दिले आहे, पोच घेतली आहे. गावच्या नगर परिषदेने 'विचाराधीन' असा शेरा मारला. शहरात दोन नगरसेवकांनी ही अट सभागृहात मांडण्याचे कबूल केले आहे. दोनच. वेल फिलिप्सकडे एक होते. आम्ही पोचपावतीच्या झेरॉक्स काढून विहाराच्या भिंतीवर लावल्या आहेत आणि दर पौर्णिमेला नगर परिषदेत जाऊन विचारायचे ठरवले आहे. अमेरिकेतल्या तरुणांनी दोनशे रात्री मोजल्या, आम्हाला पौर्णिमा मोजायला काय जड आहे?

आणि नळावरचा नियम बदललाय. आता पालावरच्या बाया रांगेत जिथे येतील तिथे उभ्या राहतात. पहिल्या दिवशी कुरबुर झाली, दुसऱ्या वेळी कमी झाली. पाणी तेवढेच आहे, नवव्या दिवशीचेच आहे. पण शहराच्या दारात अट घेऊन उभे राहताना आता आमची मान खाली जात नाही.

तुमच्या गावातही असा ठराव होत असेल तर मित्रांनो, फटाके फोडण्याआधी नकाशा मागा. रेघ कुठे संपते ते बघा. आणि ती तुमच्या दारात संपत असेल, तर दाराच्या पलीकडे कोण राहते तेही बघा.

जय भीम!